मराकाइबोच्या रक्ताचे ऋण : हंटिंग्टन रोगाचे संशोधन आणि मागे राहिलेली माणसे

२४ सप्टेंबर २०२५ रोजी एका वृत्ताने जगभरातील हजारो कुटुंबांची झोप उडविली, आणि ती आनंदाने. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराची गती एका जनुकीय उपचाराने मंदावल्याचे ‘युनिक्युअर’ या कंपनीने त्या दिवशी जाहीर केले. उपचाराचे नाव ‘एएमटी-१३०’. उपचाराची अधिक मात्रा मिळून तीन वर्षे पूर्ण झालेले रुग्ण अवघे १२ होते. उपचार न घेतलेल्या तशाच रुग्णांच्या नोंदींशी त्यांची तुलना केली, तेव्हा त्यांच्या रोगाची वाढ ७५ टक्क्यांनी मंद झालेली आढळली. या रोगाची वाटचाल कोणत्याही उपचाराने अडविली जाऊ शकते, असे सांगण्याची संधी संशोधकांना त्याआधी कधी लाभली नव्हती. २०२१ साली ‘टॉमिनर्सन’ या औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागल्याने निराशा पसरली होती. त्या पार्श्वभूमीवर हे वृत्त आले.

आनंदाला लगेच लगामही बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, चाचणीबाहेरच्या नोंदींशी केलेली तुलना मान्यतेसाठी पुरेशी मानावी काय, याविषयी शंका उपस्थित केल्याचे कंपनीलाच सांगावे लागले. १२ हा आकडा लहान आहे, ही गोष्ट खरीच. तरीही दार किलकिले झाले आहे, याविषयी जाणकारांत फारसे दुमत नाही.

या वृत्ताच्या मथळ्यांत लंडन होते, अमेरिका होती, कंपनीच्या समभागांचा भावही होता. ज्या सरोवराकाठून ही सारी वाट निघाली, त्या सरोवराचे नाव मात्र बहुतेक वाचकांच्या दृष्टीस पडले नसावे. प्रस्तुत लेख त्या सरोवराविषयी आणि त्याच्या काठावरील माणसांविषयी आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने त्याचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर त्याचे वडील आणि आजोबा दोघेही वैद्यकी करीत होते. तिघांनी मिळून त्याच त्या घराण्यांच्या पिढ्या पाहिल्या होत्या, म्हणूनच एका तरुणाला हे वर्णन करता आले. हातापायांच्या अनावर, नाचल्यासारख्या हालचाली, पुढे बोलणे आणि गिळणे अवघड होणे, स्वभावात बदल, नैराश्य, बुद्धीचा ऱ्हास आणि पंधरा ते वीस वर्षांनी मृत्यू, असा या रोगाचा क्रम असतो. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान तो प्रकट होतो. म्हणजे माणसाचे लग्न झालेले असते, मुले झालेली असतात, आणि मग कळते. आईवडिलांपैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. एका मुलाला मिळाला म्हणून दुसरा सुटतो, असे नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी नाणे नव्याने उडविले जाते. मात्र ज्याला तो मिळाला नाही, त्याच्या वंशात तो पुन्हा डोके वर काढीत नाही, ही गोष्टही त्या तरुण डॉक्टरने तेव्हाच टिपून ठेवली होती.

युरोपातील श्रद्धावंत जनता अशा अनावर हालचालींना ‘संत व्हायटसचे नृत्य’ म्हणत असे. चौथ्या शतकाच्या प्रारंभी हौतात्म्य पत्करलेल्या या तरुण संताचा धावा अशा रुग्णांसाठी केला जाई. स्पॅनिश वसाहतींबरोबर हे नाव दक्षिण अमेरिकेत गेले. व्हेनेझुएलाच्या वायव्येस मराकाइबो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठावरील कोळी वस्त्यांत आजही रोगाला ‘सान व्हितोचा रोग’ किंवा नुसते ‘एल माल’ म्हणतात. एल माल म्हणजे वाईट गोष्ट. घरात तिचा उच्चार सहसा हळू आवाजात होतो.

सरोवराच्या तळाशी खनिज तेलाचे अफाट साठे आहेत. काठावर आणि उथळ पाण्यात लाकडी खांबांवर उभारलेली घरे आहेत. ती पाहूनच युरोपीय दर्यावर्दींना व्हेनिसची आठवण झाली आणि देशाला हे नाव पडले, असे सांगतात. तेलाचा पैसा या घरांपर्यंत फारसा पोहोचला नाही. रोग मात्र पोहोचला होता, आणि जगात अन्यत्र कोठेही नाही इतक्या दाटीने. १९५० च्या दशकात आमेरिको नेग्रेत्ते हा तरुण डॉक्टर तेथे नेमला गेला, तेव्हा रस्त्यात झोकांड्या खाणारी माणसे पाहून त्याला वाटले, हे सारे दारू प्यालेले आहेत. हे मद्यपी नव्हेत, हे तर आजारी आहेत, असे स्थानिकांनी त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, घरोघर फिरून नोंदी केल्या आणि १९५५ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्या देशाबाहेर त्याची दखल घेतली जायला बरीच वर्षे गेली.

हजारो मैल दूर, लॉस एंजेलिस शहरात, १९६८ साली असाच एक प्रसंग घडला. लिओनोर वेक्सलर ही सुशिक्षित स्त्री सकाळी रस्ता ओलांडीत होती. इतक्या सकाळी दारू पिऊन फिरायला लाज वाटत नाही काय, असे पोलिसाने तिला खडसावले. तिने दारूला स्पर्शही केला नव्हता. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ हंटिंग्टन रोगाने गेले होते. आता तिची पाळी आली होती. तिचे पूर्वीचे पती मिल्टन वेक्सलर यांनी दोन्ही मुलींना जवळ बसवून सर्व सांगितले आणि त्याच वर्षी आनुवंशिक रोगांच्या संशोधनासाठी एक प्रतिष्ठान उभे केले. धाकटी मुलगी नॅन्सी तेव्हा तेवीस वर्षांची होती. आजोबा गेले, तिन्ही मामा गेले, आई जाणार हे दिसत होते, आणि आपल्या वाट्याला नाण्याची कोणती बाजू आली आहे हे ठाऊक नव्हते. १९७२ साली एका परिषदेत तिने नेग्रेत्ते यांच्या शिष्याने दाखविलेला मराकाइबोचा चित्रपट पाहिला. १९७९ साली ती तेथे जाऊन पोहोचली, आणि १९८१ पासून सुमारे वीस वर्षे दरवर्षी संशोधकांचा गट घेऊन जात राहिली.

या गटाने १८ हजारांहून अधिक माणसांची, दहा पिढ्यांची वंशावळ सिद्ध केली. तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या एका स्त्रीपर्यंत जातात. चार हजारांहून अधिक लोकांनी रक्त दिले. हे सहजासहजी घडले नाही. परक्या गोऱ्या बाईला आपण रक्त का द्यावे, त्वचेचा तुकडा का कापू द्यावा? लोक बिचकत होते. तेव्हा गटातील एका परिचारिकेने नॅन्सीचा हात धरून वर केला आणि तिच्या दंडावरची खूण सर्वांना दाखविली. तिनेही असाच तुकडा दिला होता. तिच्याही घरात हाच रोग आहे, तिची आईही अशीच गेली, हे लोकांना कळले आणि मग दारे उघडली. एखाद्या समाजाचा विश्वास कसा मिळतो, यावर व्याख्याने पुष्कळ होतात. येथे तो एका जुन्या व्रणाने मिळाला.

ते रक्त विमानाने बॉस्टनला जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत जाई. त्या काळी एखाद्या जनुकाविषयी काहीही ठाऊक नसताना केवळ वंशावळ आणि डीएनएमधील खुणा यांच्या आधारे त्याचा ठावठिकाणा शोधणे, हा बहुतेकांच्या मते वेडेपणा होता. अनेक दशके लागतील, असे म्हटले जाई. प्रत्यक्षात १९८३ सालीच खूण सापडली. अमेरिकेतील एका कुटुंबाने नुसता संकेत दिला होता. त्याचा निर्विवाद पुरावा व्हेनेझुएलाच्या रक्तातून मिळाला. जनुक चौथ्या गुणसूत्रावर होते. ते नेमके हाती यायला आणखी दहा वर्षे लागली. मार्च १९९३ मध्ये सहा गटांतील ५८ शास्त्रज्ञांनी मिळून शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे मानवी जनुकसंचाच्या महाप्रकल्पात आणि अन्य कित्येक रोगांच्या शोधात हीच वाट मळली गेली. म्हणजे मराकाइबोच्या कोळ्यांचे ऋण केवळ हंटिंग्टनग्रस्तांवर आहे, असेही नाही.

काय सापडले, ते समजून घेणे अवघड नाही. डीएनएची लिपी चार अक्षरांची असते. या जनुकाच्या आरंभी सी-ए-जी हे तीन अक्षरांचे त्रिक पुनःपुन्हा येते. पस्तीसपर्यंत पुनरावृत्ती असलेल्याला हा रोग होत नाही. ३६ ते ३९ असेल तर होईलही, न होईलही. ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग होतोच. आकडा मोठा, तर रोग लवकर. साठीच्या पुढे गेला, तर कोवळ्या वयातच. माणसाच्या भवितव्याविषयी इतकी नेमकी भाकिते करणारी गोष्ट वैद्यकशास्त्रात क्वचितच आढळते.

मात्र येथेच एक कोडे उभे राहिले. सदोष जनुक तर जन्मापासून शरीराच्या प्रत्येक पेशीत आहे. मग माणूस चाळीस वर्षे ठणठणीत कसा राहतो? आणि सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या कितीतरी वर्षे आधी आजारी का पडतो? व्हेनेझुएलाच्या कुटुंबांवर आधारलेल्या २००४ सालच्या अभ्यासाने दाखवून दिले, की या फरकामागे अन्य जनुके आणि परिस्थिती हे दोन्ही घटक असतात. पुढे २०१५ आणि २०१९ साली हजारो रुग्णांच्या जनुकसंचांची छाननी झाली, आणि ती अन्य जनुके कोणती, तेही कळू लागले. त्यांतील अनेक जनुके डीएनएच्या दुरुस्तीचे काम करणारी निघाली. जानेवारी २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या धाग्याचे टोक गाठले. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतील एकेक पेशी वेगळी काढून त्यांनी त्रिके मोजली. जन्मतः ४० ते ४५ असलेला आकडा मेंदूच्या एका विशिष्ट भागातील पेशींत वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. ऐंशीच्या पुढे तो वेग घेतो. १५० ओलांडीपर्यंत पेशीला फारशी इजा होत नाही. त्यानंतर मात्र ती झपाट्याने कोलमडते आणि मरते. म्हणजे प्रत्येक पेशीत एक घड्याळ आहे आणि ते दशकानुदशके निमूट चालत असते. ज्या दुरुस्ती-यंत्रणेने चूक सुधारायची, तीच येथे त्रिकांची संख्या वाढविते.

हा निष्कर्ष टिकला, तर त्याचा अर्थ मोठा आहे. घड्याळ मंद करता आले, तर जन्मतः रोग घेऊन आलेला माणूसही तो प्रकट होण्याआधीच आपले आयुष्य पूर्ण करू शकेल. उपचारासाठी काही वर्षे नव्हे, कित्येक दशके हाताशी आहेत. मात्र त्यासाठी निरोगी दिसणाऱ्या माणसाला आधीच कळायला हवे, की आपल्या शरीरात हे घड्याळ आहे.

आणि कळून घेणे हेच तर सर्वांत कठीण. १९९३ पासून साध्या रक्ततपासणीने निश्चित उत्तर मिळते. तरीही ज्यांना धोका आहे त्यांच्यापैकी फार थोडे लोक ती करून घेतात. पाश्चात्त्य देशांतही हे प्रमाण साधारण पाचातील एकाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. ज्यावर उपाय नाही ते आधी कळून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. खुद्द नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्या चाचणीविषयी कित्येक वर्षे एक शब्दही उच्चारला नाही. २०२० साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपल्यालाही हा रोग असल्याचे जाहीर केले. त्यांची चाल आणि बोलणे पाहून निकटवर्तीयांना ते आधीच उमगले होते. इतरांना चाचणीचा मार्ग खुला करून देणाऱ्या या बाईंचे मौन म्हणजे भित्रेपणा, असे कोणी म्हणणार असेल, तर त्याने एकदा त्या घरात राहून पाहावे.

आपल्याकडे या मौनाला आणखी एक पदर आहे. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत भारतातील हंटिंग्टन रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत; म्हणजे हा रोग परका नाही. उत्तर भारतातील एका समाजात तर अशाच सी-ए-जी त्रिकांच्या पुनरावृत्तीमुळे होणारा, हातांच्या कंपाने सुरू होणारा वेगळा मेंदूविकार आढळतो. दिल्लीतील शास्त्रज्ञांनी त्यावर मोलाचे काम केले आहे. त्या समाजाचे नाव शोधनिबंधांत आहे. येथे ते मुद्दाम देत नाही. लग्ने जुळविताना घराण्याची चौकशी करणाऱ्या देशात एका नावाने किती मुलींची लग्ने अडतील, याचा हिशेब शोधनिबंधाला करावा लागत नाही; आपल्याला तो करावा लागतो. काका ‘नसांच्या आजाराने’ गेले, आजी ‘डोक्याने फिरली होती’, अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. सोयरीक मोडू नये म्हणून केलेली ही लपवाछपवी पुढच्या पिढीला अंधारात ठेवते. नवरा आजारी पडल्यावर प्रथमच सत्य कळलेल्या पत्नीला आपल्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहताना काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या पार्श्वभूमीवर १८ मे २०१७ या दिवसाचे महत्त्व ध्यानी येते. दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी त्या दिवशी व्हॅटिकनच्या पॉल सहावे सभागृहात जगभरातील हंटिंग्टनग्रस्त कुटुंबांची भेट घेतली. आता लपून राहायचे नाही, हे त्या मेळाव्याचे सूत्र होते. व्हेनेझुएला, कोलंबिया व अर्जेंटिना येथील गरीब वस्त्यांतून काही कुटुंबे आली होती. त्यांतील कित्येकांनी आपले गाव ओलांडून फारसे काही पाहिले नव्हते. पोप महोदयांनी एकेका रुग्णाला जवळ घेतले. हे सूत्र केवळ घोषणा म्हणून राहू नये, ती सर्वांनी पाळायची बांधिलकी व्हावी, असे त्यांनी सांगितले. रुग्णांच्या वाट्याला आलेली लाज, एकाकीपणा आणि परित्यक्तपणा यांचा त्यांनी स्पष्ट उच्चार केला. प्रभू येशू ज्यांना कोणी शिवत नसे अशा रुग्णांना भेटत असे, स्पर्श करीत असे, याचे स्मरण त्यांनी करून दिले. शतकानुशतके ज्यांना संताच्या नावाने ओळखले गेले आणि तरीही दाराआड कोंडले गेले, त्यांच्यासाठी हा मोठाच दिवस होता.

त्याच भाषणात पोप महोदयांनी संशोधकांना एक सूचना केली. हेतू कितीही उदात्त असो, मानवी भ्रूणांचा नाश करून ज्ञान मिळवू नये, असे त्यांनी बजावले. मेळाव्याच्या आयोजकांत इटलीच्या शास्त्रज्ञ आणि तहहयात सिनेटर एलेना कत्तानेओ होत्या. भ्रूणांपासून मिळविलेल्या मूलपेशींवरील संशोधनाचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला आहे. मतभेद दडविला गेला नाही आणि भेटही टळली नाही. विज्ञान आणि ख्रिस्तसभा यांच्या संवादाविषयी जे भाबडे किंवा कडवट लेखन होत असते, त्यापेक्षा हे दृश्य अधिक बोलके आहे.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीविषयी आपल्या वाचकांतही पुष्कळदा गोंधळ आढळतो, म्हणून थोडे स्पष्टीकरण. जनुकीय उपचार म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ आणि म्हणून निषिद्ध, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. २००८ सालच्या ‘दिग्नितास पर्सोने’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात, रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपुरता मर्यादित असलेला उपचार तत्त्वतः नीतिसंमत मानला आहे. मात्र धोक्याचा विचार आणि रुग्णाची जाणती संमती हवी. पुढच्या पिढ्यांत उतरणारे बदल मात्र सांप्रतच्या परिस्थितीत त्याला अमान्य आहेत. ‘एएमटी-१३०’ पहिल्या प्रकारात मोडतो. त्यात निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून एक सूचना मेंदूतील पेशींपर्यंत पोहोचविली जाते, आणि घातक प्रथिनाची निर्मिती घटते. रुग्णाच्या अपत्यांच्या जनुकांना तिचा स्पर्श होत नाही.

खरा पेच गर्भाच्या तपासणीत आहे. प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून, त्यांतील रोगमुक्त तेवढे निवडायचे आणि उरलेले टाकून द्यायचे, ही पद्धत अनेक देशांत रूढ झाली आहे. दस्तऐवजाने ती नाकारली आहे. धोक्याच्या छायेत वाढलेल्या जोडप्याला हे ऐकविणे सोपे नाही, आणि ते ऐकविणाऱ्याने कठोर होण्याचे कारणही नाही. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. ४२ त्रिके घेऊन जन्मलेला माणूस चाळीस वर्षे प्रेम करतो, कष्ट करतो, गाणी रचतो. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याच रोगाने १९६७ साली गेला. त्याच्या आईलाही हाच रोग होता. ती चाळीस वर्षे जगण्यायोग्य नव्हती, असे ठरविणार कोण? घड्याळ मंद करण्याचा उपाय दृष्टिपथात येत असताना तर या प्रश्नाला अधिकच धार येते.

आता पुन्हा सरोवराकडे वळू. मराकाइबो शहराच्या सान लुइस या गरीब वस्तीत १९९९ साली या रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह उघडले होते. ‘प्रेम आणि श्रद्धा’ असे त्याचे नाव. तेथे अन्न मिळे, औषध मिळे, अंथरूण मिळे. पुढे तेही बंद पडले. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली, रुग्णालये ओस पडली आणि सत्तर लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. या रोगात शरीर सतत हलत असल्याने रुग्णाला इतरांहून कितीतरी अधिक अन्न लागते. ज्या देशात निरोगी माणूस उपाशी राहिला, तेथे या रुग्णांचे काय झाले असेल? ‘फॅक्टर-एच’सारख्या लहान संस्था अन्न, कपडे, औषधे पोहोचवीत असतात. त्यांचे काम मोठे आहे, आणि गरजेच्या मानाने ते थोडेच आहे.

उपचार मान्य झाला, तर तो या माणसांपर्यंत पोहोचेल काय? ‘एएमटी-१३०’ देण्यासाठी कवटीला छिद्रे पाडून, प्रतिमायंत्राच्या साहाय्याने, बारा ते अठरा तास चालणारी शस्त्रक्रिया करावी लागते. किंमत ठरलेली नाही. याच कंपनीने विकसित केलेल्या हिमोफिलिया रोगावरील जनुकीय उपचाराला २०२२ साली अमेरिकेत ३५ लाख डॉलर किंमत लावली गेली, यावरून अंदाज बांधता येईल.

हा केवळ दयेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. तो न्यायाचाही आहे, आणि कायद्यातील एक पोकळी पाहिली की ते ध्यानी येते. एखाद्या गावातील वनस्पतीपासून औषध काढले, तर लाभाचा वाटा त्या गावाला मिळाला पाहिजे, हे तत्त्व १९९२ च्या जैवविविधता कराराने जगाने स्वीकारले. केरळातील काणी आदिवासींनी दाखविलेल्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, आणि परवान्यापोटी मिळालेल्या रकमेचा अर्धा वाटा काणींना देण्याचे ठरले. ते उदाहरण जगभर दिले जाते. परंतु १९९५ साली जाकार्ता येथील परिषदेत करारातील देशांनी स्पष्ट केले, की मानवी जनुकसामग्री या कराराच्या कक्षेत येत नाही. आपल्या २००२ च्या जैविक विविधता अधिनियमातही ती वगळलेली आहे. मानवी शरीर ही व्यापाराची वस्तू होऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच. परिणाम मात्र असा झाला, की गावातील झुडपाचा वाटा ठरला आणि गावकऱ्याच्या रक्ताचा ठरला नाही.

वैद्यकीय संशोधनाच्या नीतीसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या हेलसिंकी घोषणेत, चाचणीत सहभागी झालेल्यांना सिद्ध झालेला उपचार चाचणीनंतरही मिळावा, याची आगाऊ तरतूद करण्यास सांगितले आहे. पण मराकाइबोचे लोक औषधाच्या चाचणीत नव्हतेच. त्यांनी तिच्या आधीचे सर्व काही दिले होते: वंशावळ, रक्त, त्वचा आणि मेलेल्यांचे मेंदूसुद्धा. घोषणेच्या शब्दांत ते बसत नाहीत.

श्रीमंत देशांतील कुटुंबांनाही असा अनुभव आलेला आहे. फरक इतकाच की त्यांना न्यायालय गाठता आले. कॅनव्हन हा बालकांच्या मेंदूचा ऱ्हास घडविणारा आनुवंशिक रोग. आपल्या मुलांचे ऊतक आणि पैसा देऊन पालकांनी त्याच्या संशोधनाला हातभार लावला. १९९३ साली जनुक सापडले, १९९७ साली संशोधकाच्या रुग्णालयाने त्यावर एकस्व घेतले आणि चाचणीसाठी शुल्क आकारू लागले. ज्यांनी मुलांचे देह दिले, त्यांनाच आता पैसे मोजायचे होते. पालक २००० साली न्यायालयात गेले. दिलेल्या ऊतकावर तुमची मालकी उरत नाही, असे २००३ साली न्यायालयाने सांगितले. परंतु दुसऱ्याच्या दानावर अन्याय्य रीतीने गबर होण्याविरुद्धचा त्यांचा दावा चालू राहू दिला. त्यानंतर तडजोड झाली. बारांकितासच्या कोळ्याने कोणत्या न्यायालयात जावे?

कोलंबियात याच्याशी मिळतेजुळते चित्र आहे. आंतियोकिया प्रांतातील डोंगराळ गावांत चाळिशीच्या मध्यातच स्मृती हिरावून नेणारा आनुवंशिक अल्झायमर पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरने चार दशके या कुटुंबांची सोबत केली. २०२४ साली त्यांचे निधन झाले. तेथील २५२ लोक एका प्रतिबंधक औषधाच्या दीर्घ चाचणीत सहभागी झाले. २०२२ साली तिचा निकाल निराशाजनक आला. ते मात्र पुढच्या अभ्यासासाठी पुन्हा उभे राहिले.

मग करावे काय? कायद्याची वाट पाहात बसण्याची गरज नाही. या जनुकावर आधारलेल्या प्रत्येक उपचाराचा परवाना आणि भाव ठरत असताना, ज्या कुटुंबांच्या रक्तावर तो उभा आहे त्यांच्यासाठी राखीव वाटा ठेवावा, असा आग्रह संशोधन संस्था, त्यांना निधी देणारी प्रतिष्ठाने आणि रुग्णसंघटना आजच धरू शकतात. २०१७ सालच्या मेळाव्याचे यजमानपद भूषविलेल्या व्हॅटिकनला तसे म्हणण्याचा नैतिक अधिकार अधिकच आहे. कारण त्या कुटुंबांना रोमला बोलावून त्यांचे दुःख जगासमोर आणण्याचे काम त्याने स्वतः केले आहे.

अठरा तासांची शस्त्रक्रिया मराकाइबोत होणे आज तरी शक्य दिसत नाही. परंतु हाच परिणाम साधू पाहणाऱ्या, तोंडाने घ्यायच्या औषधांच्याही चाचण्या सुरू आहेत. ‘व्होटोप्लाम’ हे त्यांपैकी एक. त्याच्या मधल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष मे २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि जागतिक पातळीवरील हक्क नोव्हार्टिस या बलाढ्य कंपनीने त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, मिळविले आहेत. ते यशस्वी ठरेल की नाही, हे पुढील काही वर्षांत कळेल. ठरले, तर ती गोळी बारांकितासला पोहोचविण्यासाठी ना शस्त्रक्रियागृह लागेल, ना प्रतिमायंत्र. एक होडी पुरेल. होडीत ती किती रुपयांना चढेल, ते मात्र त्या सरोवरापासून फार दूर, एखाद्या बैठकीत ठरायचे आहे, आणि ती बैठक अजून झालेली नाही.